गरबा थांबला की ठोके चुकतात, ईसीजी मात्र नॉर्मल. काळजी करू की नको?

मांजलपूरची_माई

नमस्कार मंडळी. बडोद्यातल्या किंवा कुठल्याही व्यायाम करणाऱ्या माणसाला असं होतं का ते विचारायचंय. वय ४१, वजन होतं ते या वर्षात बरंच उतरवलंय, बीपी शुगर काही नाही, थायरॉईडची १०० ची गोळी गेली काही वर्षं चालू आहे. सकाळी कमाटी बागेत चालायला जाते आणि नवरात्र जवळ आलं म्हणून सोसायटीतल्या आम्ही सगळ्याजणींनी गरब्याचा क्लास लावलाय. तर दोढियो (गरब्याचा एक प्रकार) चालू असतो तोवर काही म्हणजे काही होत नाही, दम लागतो तेवढाच, पण म्युझिक बंद झालं आणि आपण बाजूला येऊन उभं राहिलो की एक-दोन मिनिटांत छातीत एकदम पोकळ वाटतं, जिना उतरताना पायरी चुकावी तसं, आणि मग एक मोठा धप्प असा ठोका. परत दोन-चार नीट, परत एक धप्प. पाचेक मिनिटं चालतं आणि जातं. चक्कर नाही, छातीत दुखत नाही.

फॅमिली डॉक्टरांकडे गेले, त्यांनी लगेच ईसीजी काढला, नॉर्मल. म्हणाले गॅस आहे, रोज उपाशीपोटी एक कॅप्सूल घ्या. सासूबाई म्हणतात चाळिशीनंतर एवढं नाचायचं कशाला. नवऱ्याने यूट्यूबवर काहीतरी बघून स्वतःचंच बीपी वाढवून घेतलंय. २०२३ च्या नवरात्रात गुजरातमध्ये गरबा खेळताना माणसं गेल्याच्या बातम्या आल्या होत्या त्या काही डोक्यातून जात नाहीत. त्यात परवा घड्याळाने १८२ दाखवलं. क्लास बंद करू का? आणि टेस्ट करायची तर नक्की कुठली?

ढोकळा_आणि_डंबेल

ताई टेन्शन नका घेऊ, जिममध्ये निम्म्या पोरांना होतं हे. २२० वजा वय, म्हणजे तुमचं मॅक्स १७९, तुम्ही १८२ ला गेलात म्हणून हार्टने ब्रेक मारला बस. मला प्री-वर्कआउट (व्यायामाआधी घ्यायची पावडर) घेतलं की होतं, लेग डेला जास्त. इलेक्ट्रोल पीत जा, केळं खा आणि चालू ठेवा, बॉडीला सवय होते.

ट्रेडमिलवाला

आधीच सांगतो मी डॉक्टर नाही, टेक्निशियन आहे, टीएमटी (ट्रेडमिलवर चालवत काढायचा ईसीजी) आणि होल्टर (अंगावर बांधून दिवसभर ईसीजी घेणारं छोटं मशीन) लावणं हेच दिवसभराचं काम. रिपोर्ट डॉक्टर देतात पण मशीनसमोर उभा मी असतो त्यामुळे हा प्रकार रोज बघतो.

डंबेलभाऊ, २२० वजा वय हा सरासरीचा आकडा आहे, सरकारी स्पीड लिमिट नव्हे. त्याच वयाच्या माणसांत दहा-बारा इकडे तिकडे अगदी सहज असतं. ४१ वर्षांच्या बाईची नाडी पूर्ण जोर लावल्यावर १८५ झाली तर त्यात घाबरण्यासारखं काही नाही. आणि तुमच्या त्या प्री-वर्कआउटच्या एका चमच्यात दोनशे-तीनशे मिलिग्रॅम कॅफिन सहज असतं, ते घेऊन ठोके चुकत असतील तर 'सवय होते' म्हणून ढोसत राहू नका, महिनाभर बंद करून बघा.

माई, आधी घड्याळाचं. मनगटावरचं घड्याळ हिरवा लाइट मारून कातडीखालचं रक्त कमीजास्त होतं ते मोजतं. गरब्यात तुम्ही टाळ्या वाजवता, हात झटकता, त्यामुळे ते पुष्कळदा नाडीऐवजी हाताचा ठेकाच मोजत बसतं. तेव्हा तुमचे १८२ हे ढोलवाल्याचेही असू शकतात. छातीचा पट्टा बरा त्यापेक्षा. उलटंही होतं, जादाचा ठोका लवकर पडला की त्यात रक्त फार पुढे जात नाही, घड्याळाला तो जाणवतच नाही, आणि मग खरी नाडी ८० असताना ४५ दाखवून लोकांना घाबरवतं.

आता ते धप्प. तुम्ही ज्याला ठोका चुकला म्हणताय तो बहुतेक वेळा चुकलेला नसतो, लवकर आलेला असतो. नेहमीच्या जागेऐवजी दुसरीकडूनच एक ठिणगी पडते, डॉक्टर एक्टोपिक किंवा पीव्हीसी म्हणतात, तो ठोका अर्धवट भरलेल्या हृदयावर पडतो म्हणून जाणवत नाही, त्यानंतर जरा मोठा पॉज येतो, तेवढ्यात हृदय जास्त भरतं आणि पुढचा नॉर्मल ठोका जोरात लागतो. म्हणजे घाबरवणारा जो धप्प आहे तोच खरा बरोबर ठोका. २४ तासांचा होल्टर लावला तर धडधाकट माणसांतही बहुतेकांना असे थोडेफार निघतात, त्यांना स्वतःला पत्ता नसतो.

थांबल्यावरच का येतात, त्यालाही कारण आहे. व्यायाम थांबला तरी रक्तातलं अॅड्रेनलिन लगेच उतरत नाही, पहिल्या मिनिटाला तर भरपूर असतं, नाडी मात्र उतरायला लागते. नाडी जलद असताना जादाच्या ठोक्याला मध्ये शिरायला जागा नसते, हळू झाली की जागा मिळते. शिवाय मेहनत करताना रक्तात पोटॅशियम चढतं आणि थांबल्यावर दोन-चार मिनिटांत झपकन खाली येतं. म्हणून एकदम उभं राहू नका, गोलातून बाहेर आलात की पाच-सात मिनिटं तशाच सावकाश चालत राहा. एकदम थांबलं की पायात रक्त साचून चक्करही येते.

पण म्हणून 'नॉर्मल आहे, सोडून द्या' असं मी म्हणणार नाही. झोपून काढलेल्या ईसीजीच्या पट्टीत जेमतेम दहा सेकंदांचे ठोके असतात. तुमची तक्रार मेहनतीनंतरची, तपासणी आरामातली. दोघांची भेटच झाली नाही. ठोके किती चुकले यापेक्षा कधी चुकतात आणि सोबत काय घेऊन येतात हे महत्त्वाचं. मेहनत वाढेल तसे नाहीसे होणारे एक्टोपिक हे साधारण गरीब जातीचे. मेहनतीबरोबर वाढणारे, दोन-दोन तीन-तीन जोडीने येणारे, ईसीजीवर वेगवेगळ्या आकाराचे, हे दिसले की आम्ही लगेच डॉक्टरांना आत बोलावतो. आणि थांबल्यानंतर पुष्कळ आले तर तेही दुर्लक्ष करण्यासारखं नाही, क्लीव्हलँड क्लिनिकच्या लोकांनी २००३ मध्ये तब्बल २९ हजार पेशंट तपासून हेच दाखवलं होतं की टीएमटी थांबल्यानंतर भरपूर येणाऱ्यांवर जास्त लक्ष ठेवायला हवं. एखाद दुसरा नव्हे, भरपूर.

तेव्हा कार्डिओलॉजिस्टना एकदा दाखवा, इको (हृदयाची सोनोग्राफी), टीएमटी, होल्टर, सोबत रक्तात हिमोग्लोबिन, पोटॅशियम, मॅग्नेशियम आणि टीएसएच (थायरॉईडची तपासणी). तीन प्रश्न विचारतो, नीट आठवून सांगा: मेहनत चालू असताना कधी शुद्ध हरपली आहे का, घरात कुणी पन्नाशीच्या आत अचानक गेलंय का, आणि त्या कॅप्सूलमध्ये काय काय आहे?

कोठी_ते_काळाघोडा

गॅसबद्दल दोन शब्द. मलाही वर्षभर गॅसच होता, शेवटी निघालं एसव्हीटी, म्हणजे हृदयाच्या वरच्या भागातून अचानक सुरू होणारी जलद धडधड. त्याची खूण वेगळी असते, एक-एक ठोका चुकत नाही, बटण दाबल्यासारखी नाडी एकदम १९० आणि तशीच एकदम बंद. माझ्या गळ्याच्या शिरा दिसतील अशा उडायच्या. ते पकडायला अशी जलद नाडी चालू असतानाच ईसीजी काढावा लागला. डॉक्टरांनी मला शिकवलंय ते, जोर लावून श्वास रोखायचा आणि लगेच आडवं होऊन पाय वर, बऱ्याचदा थांबते. पण हे निदान झाल्यावर डॉक्टरांनी शिकवल्यावरच करायचं, आणि मानेवरची शीर दाबणं वगैरे घरी अजिबात नाही. नंतर अॅब्लेशन (शिरेतून नळी घालून गडबडीची जागा निकामी करणं) करून घेतलं, आता काही नाही.

रावपुऱ्याचे_आबा

वय ६८. आमच्या बाबतीत ठोक्यांना ताळतंत्रच नव्हता, कधी लवकर कधी उशिरा, कशाचा कशाला मेळ नाही. कमाटी बागेच्या एका फेरीत दम लागू लागला म्हणून मुलाने नेलं. एट्रियल फिब्रिलेशन. यात हार्ट अटॅकपेक्षा पॅरालिसिसची भीती, आत गुठळी होऊन डोक्यात जाते, म्हणून रक्त पातळ ठेवायची गोळी. चालणं बंद केलेलं नाही. दुसरं एक, बीपीच्या गोळीत लघवी वाढवणारं औषध असेल तर पोटॅशियम कमी होतं आणि ठोके चुकतात, माझ्या मेहुण्याचं तेच निघालं. म्हणून ज्येष्ठ मंडळींनी आपली औषधांची पिशवीच डॉक्टरांपुढे ओतावी. आणि बीटा ब्लॉकरची (नाडी हळू करणारी) गोळी मनाने एकदम बंद करू नये, नाडी उसळी मारते.

मांजलपूरची_माई

सगळ्यांचे आभार, ट्रेडमिलवाले दादा तुमचे विशेष. शुद्ध कधी गेली नाही. कॅप्सूलवर पॅन्टोप्राझोल आणि डॉमपेरिडोन असं लिहिलंय. घरात हार्टचं तसं कुणालाच नाही. बाबांना शुगर होती, ते ७४ व्या वर्षी गेले. आईकडे सगळे ठणठणीत. म्हणजे एक मामा लवकर गेला, ३४ चा होता, पण तो चांदोदला नर्मदेत बुडाला, हार्टचं काही नव्हतं त्याला. पट्टीचा पोहणारा होता, आई अजून म्हणते पाण्याने ओढून नेला.

ट्रेडमिलवाला

माई, हे वाचून घाबरू नका पण हे तुम्ही शेवटी लिहिलंत ते कार्डिओलॉजिस्टना सगळ्यात आधी सांगा.

पट्टीचा पोहणारा तरुण माणूस पाण्यात गेला तर दरवेळी पाण्याचाच दोष असतो असं नाही. नदीला ओढ असते, भोवरे असतात, चांदोदला माणसं बुडतात हे खरंच आहे, आणि तुमच्या मामांचं तेच झालेलं असण्याची शक्यता जास्त. पण लाँग क्यूटी नावाचा एक जन्मजात प्रकार असतो, त्यात प्रत्येक ठोक्यानंतर हृदयाला पुन्हा चार्ज व्हायला नेहमीपेक्षा जास्त वेळ लागतो, आणि त्याचा जो पहिला टाइप आहे त्यात पोहणं हाच ठरलेला ट्रिगर असतो. (दुसऱ्या टाइपमध्ये अलार्म किंवा फोनचा अचानक आवाज, तिसऱ्यात झोप.) सीपीव्हीटी म्हणून दुसरा एक आहे, त्यात आरामातला ईसीजी अगदी स्वच्छ येतो आणि गडबड फक्त मेहनतीत दिसते. दोन्हीकडे पूर्वी घरचे म्हणायचे बुडाला, फीट आली, कुणाची नजर लागली. डॉक्टर म्हणूनच 'कुणाला हार्ट होतं का' एवढंच न विचारता 'कुणी तरुणपणी बुडालं, गाडी चालवताना गेलं, झोपेत गेलं' असंही विचारतात.

हे आईकडून येऊ शकतं. मामांना वारशाने आलेलं असेल तर तुमच्या आईला असण्याची शक्यता अर्धी, आणि आईला असेल तर तुम्हाला परत अर्धी. नसेलही काही. पण शंका दूर करायला खर्च फार येत नाही, जो ईसीजी काढलाय त्यावरच क्यूटीसी (हा चार्ज व्हायचा वेळ म्हणजे क्यूटी, नाडीच्या वेगानुसार जुळवून घेतलेला, मिलिसेकंदांत) छापलेला असतो, वरच्या कोपऱ्यात बघा. बायकांत साधारण ४६० पर्यंत ठीक धरतात, पुरुषांत ४५०. ४८० च्या पुढे संशय, ५०० म्हणजे धोका. मशीनचा आकडा चुकतो कधीकधी, डॉक्टर पट्टी घेऊन स्वतः मोजतात.

आणि म्हणूनच कॅप्सूलचं विचारलं. डॉमपेरिडोन क्यूटी लांबवतं. युरोपात २०१४ मध्येच त्यावर बंधनं आली, कमीत कमी डोस, साधारण आठवडाभरच, आणि हृदयाच्या विद्युत गडबडीचा इतिहास असेल तर नाहीच. आपल्याकडे मात्र अॅसिडिटीच्या कॅप्सूलमध्ये ते जोडीला असतं आणि लोक चहाबरोबर वर्षानुवर्षं घेतात. तुमच्या डॉक्टरांना आजच फोन करून सांगा की मामांची अशी गोष्ट आहे, ही कॅप्सूल बंद करून साधी देता का. अझिथ्रोमायसिन, फ्लुकोनाझोल, उलटीची ओंडान्सेट्रॉन, ही पण त्याच यादीतली. दाखवेपर्यंत गरबा नको, पोहणं तर नकोच, सपाटीवर चालणं ठीक.

टीएमटीला जाताना पोटभर फाफडा-जलेबी हाणून जाऊ नका, दोन तास आधी हलकं खा आणि बूट घालून जा, चपलेवर येतात लोक. ब्रूस प्रोटोकॉल म्हणतात त्यात दर तीन मिनिटांनी पट्टा वेगही घेतो आणि चढही. पहिल्यात ताशी २.७ किलोमीटर, म्हणजे बाजारात भाजी बघत चालल्यासारखं, बायका हसतात 'एवढंच?', तिसऱ्यात साडेपाच आणि चढ १४ टक्के, तिथे हसू थांबतं. तेव्हा लगेच 'बस' म्हणू नका, तुमची तक्रार जोराच्या मेहनतीनंतरची आहे, तिथवर जायलाच हवं. थांबल्यावर आम्ही पाच-सहा मिनिटं रेकॉर्डिंग चालू ठेवतो, तिथे तुमचा धप्प सापडेल. डॉक्टरांना सांगा की थांबल्यानंतर चौथ्या मिनिटाचा क्यूटी मुद्दाम मोजा.

होल्टर लावला की लोक चोवीस तास गादीवर पडून राहतात. काय मिळणार त्यात? डॉक्टरांनी परवानगी दिली तर जे केल्याने होतं तेच करायचं, धप्प आला की बटण दाबायचं आणि कागदावर वेळ लिहायची. तेवढी अंघोळ फक्त नाही.

ढोकळा_आणि_डंबेल

बाप रे. दादा माझा डबा बंद आजपासून. पण एक विचारतो, मागच्या महिन्यात व्हायरल ताप होता तरी मी जिमला जात होतो, त्यानंतर पायऱ्या चढताना धडधडतं, ते प्री-वर्कआउटमुळेच ना?

ट्रेडमिलवाला

असेल, नसेल. तापानंतर धडधड, दम, छातीत जड, यातलं काहीही असेल तर हृदयाच्या स्नायूला सूज नाही ना हे बघावं लागतं, मायोकार्डायटिस. तो निघाला तर तीन ते सहा महिने जोराचा व्यायाम बंद असतो, पोरं ऐकत नाहीत. ईसीजी आणि ट्रोपोनिन (हृदयाच्या स्नायूला इजा झालीय का ते सांगणारी रक्ततपासणी) करून घे आणि तोवर जिम नाही. तापात व्यायाम हा मूर्खपणा आहे, रागावू नकोस.

कोठी_ते_काळाघोडा

विषय निघालाच आहे तर, ज्यांच्या सोसायटीत गरबा आहे त्यांनी हे नक्की बघा की सीपीआर (छाती दाबून रक्त फिरतं ठेवणं) येणारी दोन-चार माणसं ग्राउंडवर आहेत का. १२ जून २०२१ ला युरो कपच्या मॅचमध्ये डेन्मार्कचा एरिक्सन मैदानात कोसळला तो वाचला कारण तिथल्या तिथे छाती दाबायला सुरुवात झाली आणि शॉक दिला. कुणी पडलं, हाक मारून उठत नाही, श्वास नीट नाही, तर १०८ ला एकाने फोन करायचा आणि दुसऱ्याने छातीच्या मधोमध दाबायला लागायचं, मिनिटाला १०० ते १२०, पाच सेंटिमीटर खोल. तोंडावर पाणी मारत, कांदा हुंगवत बसायचं नाही. ढोलवाल्याला थांबवा पहिले, फोनवर काही ऐकू येत नाही.

मांजलपूरची_माई

उशिरा लिहितेय, माफ करा, सगळं होईपर्यंत वेळ गेला. क्यूटीसी ४४२, कार्डिओलॉजिस्टनी पट्टी घेऊन स्वतः मोजला. इको नॉर्मल. टीएमटीत तिसऱ्या स्टेजला माझं खरंच हसू थांबलं. चालताना सुरुवातीला एक-दोन एक्टोपिक होते ते नाडी वाढल्यावर गेले, थांबल्यावर परत आले, सगळे एकाच आकाराचे, एकेकटे. चौथ्या मिनिटाचं मी विचारलं तर डॉक्टर माझ्याकडे बघतच राहिले, म्हणाले तुम्हाला हे कुणी सांगितलं? तेही ठीक आलं. होल्टरमध्ये दिवसभरात पाच-सहाशे निघाले. मला केवढा मोठा आकडा वाटला, पण ते म्हणाले दिवसाला लाखभर ठोके पडतात त्यातले हे अर्धा टक्काच झाले, दहा टक्क्यांच्या वर गेले असते तर हृदय थकतं म्हणून काळजी केली असती.

आणि टीएसएच आला ०.१, फारच कमी, म्हणजे गोळी जास्त होत होती! वजन उतरलं, गोळी मात्र जुन्या वजनाचीच चालू होती. जास्त झालेल्या थायरॉईडने ठोके चुकतात म्हणे, आता ७५ केलीये, सहा ते आठ आठवड्यांनी परत तपासायचं. डॉमपेरिडोन बंद. गरब्याला परवानगी आहे, फक्त थांबल्यावर चालत राहायचं, आणि चक्कर आली, डोळ्यापुढे अंधारी आली, छातीत दुखलं किंवा नाचता नाचता ठोके चुकायला लागले तर तिथेच बंद करून सरळ इमर्जन्सीला यायचं असं बजावलंय. सासूबाई म्हणतात बघ मी म्हटलं नव्हतं काही नाहीये, जे त्या म्हणाल्याच नव्हत्या.

मामाचं मात्र त्यांनी लिहून घेतलं. माझा नॉर्मल आला म्हणजे मामाला काही नव्हतं असं होत नाही म्हणाले. आईचा ईसीजी आणि मामाच्या मुलाचाही काढून घ्या. आईचा ठीक आला. मामेभाऊ २९ चा आहे, तो म्हणतो मला काही होतच नाही तर कशाला.

ट्रेडमिलवाला

छान बातमी. मामेभावाला सांगा की यातल्या पुष्कळांना पहिल्या झटक्यापर्यंत काहीच होत नसतं. तुमच्यापेक्षा त्याचा ईसीजी जास्त गरजेचा आहे, मुलगा आहे तो त्यांचा. पोहतो का?

मांजलपूरची_माई

हो ना, रोज. आई उद्याच जातेय त्याच्याकडे, हाताला धरून नेते म्हणाली.